आरशाचा बोळ

वहिनींचा गुडघा गेला, तो ट्रक गेल्यानंतर बरोबर तिसऱ्या दिवशी. सकाळी बादली घेऊन त्या गोठ्याकडे निघाल्या, दोन पावलं नीट टाकली, तिसऱ्याला थांबल्या आणि भिंतीला हात टेकून म्हणाल्या, "झालं. गुडघा गेला माझा. पुढच्या खेपेला मी काही ट्रकात चढायची नाही." आजवर कुठल्याच गुडघ्याने जाताजाता इतक्या लांबचा बेत सांगितला नसेल. पण घरात कुणाला काही खटकलं नाही, कारण त्या घरात वहिनींचं बोलणं नुसतं कानावर घ्यायची पद्धत होती.

गल्लीच्या टोकाला त्यांचं घर, घरामागे गोठा, गोठ्यापलीकडे डेअरी. डेअरीला हवं दूध, त्यामुळे म्हशीला रेडा झाला की आठवड्याभरात तो तिथे नकोसा व्हायचा. ही नकोशी रेडकं वहिनी आणायच्या. बोटं दुधात बुडवून चोखायला द्यायची, चोखताचोखता हात हळूहळू बादलीत उतरवायचा, मग बोटं गुपचूप काढून घ्यायची. रेडकू बादलीतून प्यायला लागलं की दोन वर्षं भुसा-पेंड घालून वाढवायचं. दोन वर्षांनी व्यापाऱ्याचा ट्रक यायचा. तो कुठे न्यायचा, हे कुणी विचारत नसे आणि व्यापारीही सांगत नसे. घर या उद्योगावर चालत होतं, कारण साहेबांची पेन्शन त्यांच्या रुबाबाला पुरायची, घराला नाही.

साहेब म्हणजे वहिनींचे यजमान, निवृत्त लिफ्ट इन्स्पेक्टर. एकतीस वर्षं त्यांनी माणसांना वर नेणाऱ्या पेट्या तपासल्या होत्या. नोकरी सुटली, तपासणं सुटलं नाही. घराची दारं, नळाची चावी, वहिनींची फोडणी, सगळ्यावर त्यांचा शेरा असायचा आणि तो सहसा "सुधारणेस वाव आहे" असा असायचा. गोठ्यात मात्र ते क्वचित जायचे. तिथे वास असतो आणि शेरा ऐकणारं कुणी नसतं.

ट्रक भरायची वहिनींची रीत अगदी साधी. ट्रक मागच्या मातीच्या उंचवट्याला पाठ लावून उभा राहायचा. वहिनी पेंडीची बादली घेऊन पुढे, "ये, ये, ये" करत ट्रकात शिरायच्या, पार केबिनच्या भिंतीपर्यंत जायच्या आणि बादली खाली ठेवायच्या. मागोमाग रेडे. त्यांची तोंडं बादलीत गेली, की वहिनींनी बाजूच्या फळीवर पाय द्यायचा, पलीकडे टांग टाकायची आणि खाली उडी मारायची. व्यापारी मागची फळी लावायचा. काठी नाही, ओरडा नाही. अकरा वर्षं हे असं चाललं होतं आणि व्यापारी गावोगाव सांगायचा की असा शहाणा माल कुठे मिळत नाही.

मागच्या खेपेला वहिनींनी टांग टाकली आणि एका रेड्याने बादलीतून तोंड बाहेर काढलं. आजवर कुणी काढलं नव्हतं. पेंड अर्धी राहिलेली, तरी तो त्यांच्यामागे फळीपाशी आला, फळीवर हनुवटी टेकवली आणि त्यांचा हात चाटायला लागला. वहिनी पलीकडे का उतरल्या, हे त्याला कळत नव्हतं. ट्रक वळणापर्यंत जाईस्तोवर ती हनुवटी फळीवरच होती. वहिनी घरात आल्या, चहा केला आणि त्यांना तो गिळवेना. अकरा वर्षं आपण जनावरांना पुढे राहून फसवत आलो, हे त्यांना त्या दिवशी उघड उघड कळलं आणि भयंकर लाज वाटली. त्यातून निष्पन्न झाला तो गुडघा.

खरं कारण सांगायची सोय नव्हती. साहेबांनी आधी हसून घेतलं असतं, मग भाषण दिलं असतं, मग गल्लीत सांगितलं असतं. मन दुखतंय म्हटलं की माणसं समजूत घालायला बसतात. गुडघा दुखतोय म्हटलं की निदान खुर्ची देतात.

गोठ्यात अजून चार रेडे होते, आठ महिन्यांनी जायचे. साहेबांनी धाकट्या भावाला बोलावून घेतलं.

"हिचा गुडघा गेला म्हणून काम अडायला नको," साहेब म्हणाले. "मुळात पद्धतच चुकीची होती. जनावर काय बादलीच्या नादाने वर चढवायचं? यंत्रणा पाहिजे. दोन्ही बाजूंनी भिंत, खाली ठरावीक चढ, मागे दार. जनावराने डोकं वापरायची गरजच पडता कामा नये."

"हो दादा," धाकटा म्हणाला. धाकटा वेल्डर होता. लोखंड सोडून त्याने आयुष्यात कुणाला दुखवलं नव्हतं.

साहेबांनी नकाशा काढला आणि वर 'चढमार्ग' असं लिहून खाली सही केली. गल्लीने त्याला पहिल्याच दिवशी बोळ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव राहिलं. पुढचे सहा महिने घरामागे जो काही ठोकाठोकीचा कारखाना चालला, त्यात घरातल्या अनेक वस्तू कामी आल्या. जुनी लोखंडी खाट गेली. परसदाराचं दार गेलं आणि तिथे पोतं लटकलं. वहिनींनी एका शब्दाने तक्रार केली नाही. साहेबांचं एखादं काम तडीला जावं, असं त्यांना लग्नानंतर प्रथमच मनापासून वाटत होतं. बोळ चालला तर रेडे आपले आपण वर जातील, आपण स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज करत बसू, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी त्यांनी साहेबांना मदतही केली. रेड्याला वळता येऊ नये इतका बोळ अरुंद हवा, हे त्यांनीच सुचवलं आणि रेड्याच्या पोटाला हाताची कव घालून मापही आणून दिलं. साहेबांनी ते नकाशात लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी धाकट्याला आपलं म्हणून समजावून सांगितलं.

लंगडणं मात्र जड जात होतं. आठ महिने लंगडायला शिस्त लागते. कधी घाईत दूध उतू जायचं आणि वहिनी तीन ढांगांत स्वयंपाकघर गाठायच्या. एकदा शेजारणीने पाटावरची पोरगी निरखावी तसं त्यांना निरखलं आणि विचारलं, "वहिनी, काल डावा होता ना?"

"दुखणं काय एका जागी बसतं का," वहिनी म्हणाल्या. शेजारीण "हो ना" म्हणाली, पण गेली नाही, थोडा वेळ बघत उभी राहिली.

सगळं बरं चाललं होतं, तेवढ्यात साहेबांना लिफ्ट मिळाली. त्यांच्या जुन्या खात्याने एका सहामजली इमारतीतली लिफ्ट मोडीत काढली होती. कंत्राटदार ओळखीचा निघाला आणि साहेब टेम्पोत बसून तिचे अवयव घरी घेऊन आले. घडीचं जाळीदार दार. दार बंद झालं की वाजणारी घंटा. तळाचा रबर. 'क्षमता : सहा व्यक्ती, ४०८ किलो' अशी पितळी पाटी. आणि दोन्ही बाजूंच्या भिंती, माणसाच्या उंचीच्या, अखंड स्टीलच्या, इतक्या लखलखीत की दात घासायला उभं राहावं.

"पाटी बदलायलासुद्धा नको," साहेब खुशीत म्हणाले. "सहा माणसं म्हणजे साधारण एक रेडा. बरोबर बसतं."

"हो दादा," धाकटा म्हणाला आणि त्याने बोळाच्या दोन्ही अंगांना त्या भिंती जोडल्या.

वहिनी हातातलं काम टाकून, लंगडणं विसरून, तिथे आल्या. आत डोकावल्या. उजवीकडे एक वहिनी, डावीकडे एक वहिनी, दोघींच्या मागे आणखी वहिनी, सगळ्या काळजीत.

"अहो, हे काय लावलंत? त्यांना यात दुसरा रेडा दिसेल."

"दिसू दे. सोबत वाटेल."

"सोबत कसली? अंगावर जातील ते."

"अगं, जनावराला आरसा कळत नाही. शास्त्रात सिद्ध झालंय."

"कळत नाही म्हणूनच म्हणतेय ना मी."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. कुणी मुद्द्याचं बोललं की ते चष्मा पुसायचे. "तुझा गुडघा काय म्हणतो?" त्यांनी मायेने विचारलं आणि विषय संपला.

ट्रक यायच्या आदल्या रविवारी बोळाचं उद्घाटन झालं. गल्ली जमली. साहेबांनी फीत कापली, चढाचे अंश सांगितले, घर्षणावर चार वाक्यं बोलले आणि लोकांना एकेक करून आतून वर जायला लावलं. माणसं खालून आत शिरत, दोन पावलांवर थांबत, भांग नीट करत, पोट आत घेत आणि समाधानाने वरून बाहेर पडत. एका निवृत्त हेडक्लार्कने तीन फेऱ्या मारल्या. ज्याला त्याला आत आपलंच तोंड दिसत असल्यामुळे कुणालाही दोष काढावासा वाटला नाही. चहा-बिस्किटं झाली. रेड्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

ट्रक यायच्या आदल्या दिवशी दुपारी साहेब जेवून लवंडले. घोरणं सुरू झाल्याची खात्री करून वहिनींनी पदरमोड न करता मिळणारी एकच गोष्ट बादलीत कालवली, चिखल. बोळात शिरल्या आणि दोन्ही भिंतींना खालपासून डोक्याएवढ्या उंचीपर्यंत सपासप लिंपत सुटल्या. वाकल्या, उठल्या, उकिडव्या बसल्या, पुन्हा उठल्या. पाऊण तास दोन्ही गुडघ्यांनी चाकरी केली. काम संपलं तेव्हा बोळ चांगला मळकट, कोंदट, गोठ्यासारखा दिसायला लागला होता. कुठलाही रेडा तिथे आनंदाने शिरला असता. वहिनींनी हात धुतले आणि गेल्या आठ महिन्यांत प्रथमच निवांत झोपल्या.

संध्याकाळी साहेबांनी चिखल पाहिला. म्हणाले, "जळतात लोक. चांगलं काही बघवत नाही या गल्लीला." संशय सगळ्यांवर होता, एकट्या वहिनींवर नव्हता, कारण गुडघेदुखीचं माणूस असं वाकू शकत नाही हे शास्त्रात सिद्ध झालेलं होतं. त्यांनी बाह्या सरसावल्या, नळी लावली, भिंती धुतल्या, कोरड्या केल्या आणि वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी अंधार पडेपर्यंत घासल्या. "तुमची जेवायची वेळ झाली," वहिनी पोत्याआडून दोनदा म्हणाल्या. भिंती आता पहिल्यापेक्षा जास्त चमकत होत्या.

सकाळी नऊला ट्रक आला. व्यापारी स्वतःच चालवायचा. त्याने बोळ पाहिला, पाटी वाचली, साहेबांकडे पाहिलं आणि ट्रक मागे घेऊन बोळाच्या वरच्या टोकाला लावला. वहिनी गोठ्याच्या पायरीवर बसल्या होत्या, पाय लांब करून, गुडघ्याला फडकं बांधून. स्वयंपाकघरात बसायचं ठरवलं होतं, पण तिथे बसवेना.

पहिला कानतुट्या. लहानपणी डेअरीच्या कुत्र्याने त्याचा कान तोडला होता, म्हणून हे नाव. वहिनी रेड्यांना नावं देत नसत, हे आपलं पडलं होतं. धाकट्याने त्याला मागून चुचकारून बोळात घातलं. साहेबांनी खूण केली, जाळीचं दार सरकलं, घंटा झाली. कानतुट्या दोन पावलं गेला आणि त्याला उजवीकडे एक रेडा दिसला. एक कान तुटका. त्याने मान फिरवली. डावीकडेही एक. दोघेही त्याच्याकडेच बघत होते.

कानतुट्या फुत्कारला. तेही फुत्कारले. त्याने डोकं खाली घातलं, तर दोघांनी डोकी खाली घातली. मग त्याने उजव्याला धडक दिली आणि सहामजली इमारतीतली ती लिफ्ट पुन्हा एकदा हादरली. बोल्ट सुटून उडाला. मागचं दार धक्क्याने उघडून मिटलं, घंटा झाली. पुन्हा धडक, पुन्हा घंटा. सहा वेळा घंटा झाल्यावर कानतुट्याने चारही पाय रोवले आणि तो मधोमध उभा राहिला, दोन शत्रूंच्या मध्ये, डोळे पांढरे करून. त्याला पुढे जाववेना आणि मागे जाळी.

"सवय होईल त्याला," साहेब म्हणाले. "नवीन यंत्रणा आहे."

"हो दादा," धाकटा म्हणाला, पण जरा हळू.

तासभर झाला. हाकाटी झाली, मागून ढकलून झालं, पुढून दोरी लावून झाली. व्यापाऱ्याने ट्रकच्या पायरीवर बसून चहा संपवला आणि पितळी पाटीकडे बोट दाखवून विचारलं, "साहेब, ही सहा माणसं कधी यायची आहेत? त्यांना उचलायला सांगू." गल्लीतले काही जण हसले. उद्घाटनाला तीन फेऱ्या मारणारे हेडक्लार्क सगळ्यात जास्त हसले. साहेबांचे कान लाल झाले.

"मावशी," व्यापारी वहिनींना म्हणाला, "बादली घ्या ना जरा."

"गुडघा आहे रे माझा," वहिनी म्हणाल्या आणि जमिनीकडे बघत बसल्या. त्या उठणार नव्हत्या. बोळ मोडला तरी चालेल, ट्रक रिकामा गेला तरी चालेल.

व्यापाऱ्याने मान हलवली, केबिनमधून काठी काढली आणि जाळीतून आत घालून कानतुट्याच्या पाठीवर एक ठेवून दिली. मग दुसरी. कानतुट्याने मारणाऱ्याकडे पाहिलंच नाही. त्याने जाळीतून मान वळवता येईल तेवढी वळवली आणि पायरीवर बसलेल्या वहिनींकडे पाहिलं. तिसरी बसली तरी तो तिकडेच बघत होता, अशा वेळी ही बाई काहीतरी करते असं त्याला ठाऊक असल्यासारखा.

वहिनी उठल्या. फडकं सुटून पायात आलं, ते त्यांनी लाथेने उडवलं. "काठी ठेव खाली," त्या व्यापाऱ्याला म्हणाल्या. बादली उचलली, ट्रकच्या बाजूने फळीवरून वर चढल्या आणि वरच्या टोकाने बोळात उतरल्या. कानतुट्याच्या तोंडासमोर उभं राहून त्यांनी त्याचा तुटका कान कुरवाळला. "ये," त्या म्हणाल्या. "ये, ये, ये." आणि पाठ फिरवून चालू लागल्या. कानतुट्या निघाला. बादलीवरची नजर त्याने ढळू दिली नाही, त्यामुळे दोन्हीकडचे शत्रू आपोआप मागे पडले. धाकट्याने मागची जाळी उघडली आणि त्याच्यामागे उरलेले तिघे निघाले. चार मिनिटांत ट्रक भरला. वहिनींनी बादली ठेवली, फळीवर पाय दिला, टांग टाकली आणि खाली उडी मारली.

दोन्ही पायांवर, सरळ.

गल्ली बघत होती. शेजारणीने आधी डाव्या गुडघ्याकडे पाहिलं, मग उजव्या. वहिनींना एकाएकी हलकं वाटलं. आता साहेब विचारतील. सगळ्यांसमोर विचारतील, तर सगळ्यांसमोर सांगायचं. मला हे करवत नाही, मला याची लाज वाटते, गुडघ्याला काही झालेलं नाही. वाक्य तयार होतं, अगदी ओठांवर.

"बघितलंत?" साहेब गल्लीला म्हणाले. लाल कान पूर्ववत झाले होते. "आठ महिने लंगडत होती. चढ असा सोयीचा काढलाय, की हिचा गुडघासुद्धा बरा झाला."

गल्लीने मान डोलावली. हेडक्लार्क म्हणाले की पहिल्याच फेरीत आपल्यालाही सांध्यांत मोकळं वाटलं होतं. ट्रक सुरू झाला. वहिनींचं वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं आणि त्या पाठमोऱ्या होऊन परसदाराचं पोतं बाजूला करून घरात गेल्या. फळीवर कुणाची हनुवटी होती की नव्हती, ते त्यांनी पाहिलं नाही.

साहेबांचं बायकोवर प्रेम नव्हतं, असं कुणी म्हणू नये. दोन दिवसांनी ते एक छोटी शिडी घेऊन आले. ट्रकच्या फळीला अडकवायला वर दोन आकडे, एका बाजूला कठडा, पायऱ्यांवर लिफ्टचा उरलेला रबर. पायऱ्या वहिनींच्या पावलाच्या मापाच्या होत्या. त्यासाठी साहेबांनी गुपचूप त्यांची चप्पल मोजली होती.

"आता उडी मारायला नको तुला," ते म्हणाले. "पुढची सगळी वर्षं आरामात चढायचं, आरामात उतरायचं."

वहिनींनी शिडी हातात घेतली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण साहेबांनी त्यांच्यासाठी स्वतःच्या हाताने केलेली ही पहिलीच वस्तू होती. "छान झालीय," त्या म्हणाल्या आणि त्यांना रडू आलं. साहेबांना ते कौतुकाचं वाटलं.

गुडघ्याच्या निमित्ताने वहिनींनी आठ महिने नवीन रेडकं आणलीच नव्हती, म्हणून गोठा रिकामा होता. बरं झाल्याची बातमी डेअरीत पोचली आणि आठवड्यात तीन रेडकं दारात आली, ओली, थरथरती, भुकेली. वहिनींनी दूध गरम केलं, बादली भरली आणि ती साहेबांच्या हातात दिली.

"यांना तुम्ही पाजा."

"मी? का? गुडघा बरा आहे ना?"

"गुडघा बरा आहे. कंबर गेली. वाकवत नाही. तशी माझी पद्धत चुकीचीच आहे. तुम्ही शास्त्रशुद्ध पाजाल."

शेवटचं वाक्य अचूक बसलं. साहेबांनी त्याच दिवशी भिंतीवर तक्ता लावला, दुधात थर्मामीटर बुडवलं, वेळा आखल्या. पण थर्मामीटर चोखायला रेडकं तयार होईनात. तेव्हा वहिनींनी दारातूनच सांगितलं, "बोटं द्या. दुधात बुडवून." साहेबांनी नाक मुरडत दोन बोटं पुढे केली. पहिल्या रेडकाने ती अख्खी तोंडात ओढली आणि साहेब हसले. फिदीफिदी, चार वर्षांच्या मुलासारखे. वहिनींनी तो आवाज कधी ऐकला नव्हता. त्या तिथून लगेच निघून गेल्या, कारण आपण काय करतोय ते त्यांना पुरतं ठाऊक होतं.

दोन वर्षं वहिनींनी बादलीला हात लावला नाही. सोपं नव्हतं ते. रेडकं हंबरली की हात शिवशिवायचे, तेव्हा त्या भांडी घासायला बसायच्या. साहेबांचा तक्ता महिन्याभरात गळून पडला, तो कुणी परत लावला नाही. गोठ्याचा वास त्यांना येईनासा झाला. रेड्यांना त्यांनी तळमजला, पहिला आणि दुसरा अशी नावं दिली. दुपारी ते तिथे खुर्ची टाकून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे. तळमजला त्यांच्या खांद्यावर हनुवटी ठेवून ऐकायचा आणि कुठल्याही मताला विरोध करायचा नाही. असा श्रोता साहेबांना जन्मात मिळाला नव्हता. बोळाच्या चमकत्या भिंती धाकट्याने एका दुपारी न विचारता उलट्या फिरवून लावल्या, मळकी बाजू आत. साहेबांनी ते पाहिलं आणि शेरा मारला नाही.

ट्रक यायचा होता त्या आठवड्यात साहेब गोठ्यातून आले, ते भिंतीला धरून.

"गुडघा," ते म्हणाले. "गेला बहुतेक. या खेपेला माझ्याच्याने काही व्हायचं नाही."

वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "कुठला?"

साहेबांनी खाली पाहिलं. एका पायाकडे पाहिलं, दुसऱ्या पायाकडे पाहिलं. दुखत्या माणसाला एवढा वेळ लागत नाही. "उजवा," ते म्हणाले. "म्हणजे, दोन्हीकडे जातं."

वहिनींनी तेलाची बाटली आणली. उजव्या गुडघ्याला निगुतीने तेल चोळलं आणि चोळताना त्यांच्याकडे पाहिलं नाही. वाईट वाटत होतं. आतून बरंही वाटत होतं, आणि त्याचंही वाईट वाटत होतं. साहेबही छताकडे बघत पडून राहिले.

ठरल्या दिवशी नऊला गल्लीत हॉर्न वाजला. साहेब खुर्चीत होते, पाय लांब करून. वहिनींनी पेंडीची बादली त्यांच्यापुढे आणून ठेवली.

"उठा," त्या म्हणाल्या.

"अगं, गुडघा—"

"चढ सोयीचा आहे. बरा होतो गुडघा."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग चष्मा काढला, पण पुसला नाही, तसाच खिशात ठेवला. उठले, बादली घेतली आणि गोठ्याकडे गेले. वहिनी शिडी उचलून मागोमाग गेल्या आणि ती त्यांनी ट्रकच्या फळीला अडकवली.

बोळातून "ये, ये" ऐकू आलं, अगदी हळू. तळमजला त्यांच्या पाठीला नाक लावून चढला, मागून पहिला, मागून दुसरा. कुणी थांबलं नाही, कुणी बिचकलं नाही. साहेबांचा चढमार्ग त्या दिवशी पहिल्यांदा बिनचूक चालला. "वा साहेब," व्यापारी म्हणाला, "जमली यंत्रणा." वरून बराच वेळ कुणी आलंच नाही. वहिनी खाली शिडी धरून उभ्या होत्या. मग फळीवर एक पाय आला, दुसरा आला आणि साहेब त्या अरुंद पायऱ्यांवरून तिरके तिरके उतरले. त्यांच्या सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत ओली होती, चाटल्यासारखी.

ट्रक वळणावरून दिसेनासा झाल्यावर ते शिडीच्या खालच्या पायरीवर बसले.

"तुझा तेव्हा," ते म्हणाले, "कुठला दुखत होता?"

"आज तुमचा दुखतोय तोच," वहिनी म्हणाल्या.

साहेबांनी मान हलवली. ते बाजूला झाल्यावर वहिनींनी शिडी उचलली आणि गोठ्यात नेऊन भिंतीला टेकवली.